दचकल्यावर नजर कुठे जाते?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

गाडी चालवताना मागून जोरात हॉर्न वाजला की तुझे बाबा हल्ली गडबडतात, समोरच्या सिग्नलबरोबरच शेजारची पाटी आणि पदपथावरचा माणूसही त्यांचे लक्ष ओढून घेतात, असे तू लिहिले आहेस. त्यामागे निव्वळ घाबरटपणा असेल असे मला वाटत नाही.

मेंदूच्या देठात ‘लोकस सेरुलियस’ नावाचा चेतापेशींचा एक इवलासा पुंजका असतो. भीतीने असो वा आनंदाने, मन उत्तेजित झाले की तो मेंदूभर नॉरॲड्रेनालिन हे सावध करणारे रसायन पसरवतो. मारा मॅथर आणि मॅथ्यू सदरलँड या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये मांडलेला सिद्धांत असा की, ही उत्तेजना सगळेच सरसकट उजळत नाही. जे आधीच ठळक आहे ते ती अधिक ठळक करते आणि जे फिके आहे त्याला आणखी मागे ढकलते.

वय वाढल्यावर काय होते, हे मॅथर यांच्या गटाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसते. त्यात विजेच्या सौम्य झटक्याची सूचना देणारा सूर ऐकवून लगेच एका ठिकाणाचे आणि एका वस्तूचे चित्र शेजारी शेजारी दाखवले जाई; त्यांतले एक मुद्दाम ठळक केलेले असे. तरुणांच्या मेंदूत त्या सुरानंतर ठळक चित्राची बाजू अधिकच वरचढ होई. वयस्कांच्या मेंदूत मात्र ही निवड तितकी काटेकोर राहिली नाही. लोकस सेरुलियस जागा होई, पण लक्षाला दिशा देणाऱ्या कपाळामागच्या आणि माथ्याखालच्या भागांशी त्याचा मेळ सैल पडलेला दिसला. एकूण, उत्तेजना होती, चाळणी मात्र विरळ झाली होती.

तरीही म्हातारपणी हा परिणाम पार नाहीसा होतो असे समजू नकोस. सदरलँड आणि मॅथर यांनीच 2015 मध्ये दाखवले होते की, नकारात्मक उत्तेजनेनंतर वयस्कांमध्येही ठळकपणाचा प्रभाव वाढतो. हे दोन निष्कर्ष वरवर विसंगत वाटतात. माझा तर्क असा की, फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा असेल तर उत्तेजनेची मदत उतारवयातही होते. एकाच वेळी अनेक गोष्टी लक्ष मागू लागल्या आणि त्यांतली एक निवडायची वेळ आली, की अडचण सुरू होते. (भर रस्त्यात दुसरे काय असते?)

म्हणून गाडीत त्यांच्या शेजारी बसशील तेव्हा ‘बाबा, सांभाळा!’ असे एकदम ओरडू नकोस. तो आणखी एक हॉर्नच ठरेल. ‘डावीकडे सायकल आहे’ एवढेच, नेहमीच्या आवाजात आणि जरा आधी सांग.

तुझा,
माधव