सुट्टीच्या दिवशी डायव्हिंग शिकवणाऱ्या सरांना

प्रिय सर,

आठवडाभर नोकरी करून सुट्टीच्या दिवशी तुम्ही आम्हाला स्कूबा डायव्हिंग शिकवता. "मग पूर्णवेळ हेच का करत नाही?" असं प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. मीही विचारलं होतं. तुम्ही नुसते हसलात. का, ते मला शिकता शिकता कळत गेलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझं घोडं डोळे आणि नाक झाकणाऱ्या मास्कपाशी अडलं होतं. मास्कची खालची कड किंचित उचलून आत पाणी येऊ द्यायचं, मग वरची कड कपाळाशी दाबायची, नजर थोडी वर करायची आणि नाकाने सावकाश श्वास सोडायचा, की पाणी खालून निघून जातं. ऐकायला सोपं आहे. पण नाकाला पाणी लागलं की माझा श्वास आपोआप अडकायचा आणि मी ताडकन उभी राहायचे. तुम्ही मास्क काढून बाजूला ठेवायला लावलात. कमरेएवढ्या पाण्यात, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा देणारं साधन, तोंडात धरून, फक्त चेहरा पाण्यात बुडवायचा आणि तोंडाने श्वास घेत राहायचं. बाकी काही नाही. शेजारी तुम्हीही तसेच वाकून, विनामास्क. नाक ओलं असतानाही श्वास घेता येतो हे शरीराला पटेपर्यंत तुम्ही मला पुढे नेलंच नाही. सगळी बॅच खोल पाण्यात जाऊन आली, तरी "आटप" असं तुमच्या तोंडून एकदाही आलं नाही.

या सावकाशीला कारण होतं, आणि तेही तुम्हीच समजावलंत. समुद्रात १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर ती दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो, श्वास कोंडतो आणि वर धाव घेतो. मास्कमधल्या चमचाभर पाण्याने बिथरणाऱ्या मला तुम्ही १८ मीटरवर नेलं असतंत, तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

पूर्णवेळ शिकवणारे वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांच्यातले कित्येक जण फार कसलेले असतात. पण बोट ठरलेली असते, पुढची बॅच उभी असते, आणि घर त्यावरच चालत असतं. तुम्हाला "आज नको" म्हणायला काहीच आड येत नव्हतं. माझ्या दृष्टीने एखाद्या हौशी प्रशिक्षकाची खरी श्रीमंती हीच.

हौसेचा धोकाही तुम्हाला ठाऊक आहे, सराव सुटण्याचा. म्हणून प्रत्येक बॅचआधी तुम्ही एकटे तलावात उतरून सगळी कौशल्यं स्वतः करून बघता, ऑक्सिजन आणि प्रथमोपचाराची उजळणी चुकवत नाही, विमा आणि सभासदत्वाचं नूतनीकरण, रेग्युलेटरची सर्व्हिसिंग सगळं वेळच्या वेळी करता. आमच्या फीतून यातलं कितीसं निघत असेल! १९५३ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश सब-अॅक्वा क्लबमध्ये सभासदच नव्या सभासदांना बिनमोबदला शिकवतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तुमचा चेहरा काय खुलला होता. आपली माणसं सापडावीत तसा.

समुद्रातल्या पहिल्या डाइव्हमध्ये वर येताना आपण सुरक्षिततेसाठी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबलो. तिथे माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. तुम्ही हात पुढे केलात, पण धरलं नाहीत. मी नजर वर केली, कड दाबली, नाकाने श्वास सोडला. तुम्ही बोटांनी 'ओके' विचारलंत आणि मी 'ओके' दिलं. तुमचा तो न धरलेला हात माझ्या कायम लक्षात राहील.

तुमच्या घरच्यांचेही मनापासून आभार. त्यांच्या वाट्याच्या कितीतरी सुट्ट्या आमच्याकडे आल्या आहेत.

पुढच्या बॅचला सिलिंडर उचलायला, वजनाचे पट्टे लावायला माणूस लागेल. मी येते. आणि मास्कपाशी कुणी अडलंच, तर कमरेएवढ्या पाण्यात त्याच्या शेजारी वाकायला मला उभं करा.

तुमची विद्यार्थिनी