आधी अठराची अट तरी पाळा

मुलींच्या लग्नाचे किमान वय १८ वरून २१ करणारे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि ती लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले. हेतू चांगलाच होता. पण अठराची अट तरी कुठे पाळली जाते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयोगटातील सुमारे २३ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. दहावीपुढे शिकायची सोय जवळ नाही, ऊसतोडीला जाताना वयात आलेल्या मुलीला ठेवायचे कुणाकडे, या काळजीपोटी आईबाप तिचे हात पिवळे करतात. त्यांना वसतिगृह हवे आहे, नवा आकडा नव्हे. शिवाय वय २१ केले, तर अठरा ते एकवीसच्या दरम्यानच्या सज्ञान मुलीने स्वतःच्या पसंतीने केलेले लग्न मोडायला घरच्यांच्या हाती कायदाच येईल, ही भीती मला जास्त वाटते.