दावा कोणाचा, ते आधी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पश्चिम आशियातल्या युद्धाच्या बातम्या आपल्या अंकात आल्या की आमच्या घरी त्या मोठ्याने वाचल्या जातात. माझा पुतण्या कुवेतला आहे, शेजारचे दोघे भाऊ दोह्याला. गोव्यात आमच्या पेडण्यात अशी घरे वाड्यावाड्यावर सापडतील. म्हणून एक गोष्ट मनाला फार लागते. 'अमुक देशाला अरबांची भूमी गिळायची आहे' असे ठाम वाक्य बातमीच्या पहिल्याच ओळीत असते. हे म्हणणे त्याच देशाशी लढणाऱ्या लष्कराच्या प्रवक्त्याचे आहे, हे कळते शेवटच्या परिच्छेदात. कधी कधी तेही कळत नाही.

माझ्या आईचे वडील बांद्याजवळचे. पहिल्या महायुद्धात ते इंग्रजांच्या मराठा पलटणीत भरती झाले आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढले. त्यांचे चांदीचे पदक माझ्याकडे आहे. रिबीन केव्हाच विरून गेली. एका बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार, घोड्याच्या खुरांखाली शत्रूची गरुडाची ढाल आणि कवटी. कडेवर आजोबांचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली आहे. गोवा मुक्त झाल्यावर सीमेवरचा पत्रादेवीचा नाका उठला तेव्हा ते आमच्याकडे राहायला येऊ लागले. रात्री जेवणे झाली की पडवीत बसून ते बसऱ्याच्या, बगदादच्या गोष्टी सांगत.

मार्च १९१७ मध्ये तुर्कांच्या ताब्यातले बगदाद इंग्रजांच्या हाती पडले. थोड्याच दिवसांनी शहरात एक जाहीरनामा निघाला. दुभाषाने आजोबांना त्याचा अर्थ सांगितला : आम्ही जिंकायला आलेलो नाही, तुम्हाला सोडवायला आलो आहोत. आजोबा म्हणत, "आम्ही ते खरं मानलं. का नाही मानायचं? तुर्कांनी त्या लोकांचे हाल केलेच होते."

शिक्षक झाल्यावर मी त्या जाहीरनाम्याची माहिती वाचली. १९ मार्च १९१७ रोजी इंग्रज सेनापती जनरल मॉड यांच्या नावाने तो निघाला. बगदाद उद्ध्वस्त करणाऱ्या मंगोल हुलागूच्या काळापासून तुमच्या शहरावर परक्यांचा जुलूम चालला आहे, असे त्यात म्हटले आहे. जर्मन आणि तुर्क यांनी तुम्हाला लुटले आणि बगदादला आपल्या सत्तेचा अड्डा केले, असेही आहे. मजकूर लिहिला होता इंग्रज मुत्सद्दी मार्क साइक्स यांनी. हेच साइक्स मे १९१६ मध्ये फ्रान्सचे मुत्सद्दी पिको यांच्याबरोबर अरब मुलूख आपसांत वाटून घेण्याचा गुप्त करार करून बसले होते. नकाशावर रेघ ओढणारा हात आणि 'आम्ही मुक्तिदाते' हे लिहिणारा हात एकच. आणि तो कागद ज्या सैन्याच्या जोरावर निघाला, त्यात बांद्याचा एक जवान उभा होता. ही गोष्ट कळली तेव्हा आजोबा हयात नव्हते. ते असते तर त्यांना सांगायला माझी जीभ रेटली असती का, कोण जाणे.

दुसरी बाजू धुतलेली नव्हती. नोव्हेंबर १९१७ मध्ये रशियातल्या बोल्शेविकांनी तो करार छापून टाकला. लगेच पुढच्या महिन्यात तुर्कांचा सिरियातला सत्ताधीश जमाल पाशा बैरूतमध्ये भाषणात त्याचा हवाला देऊ लागला : बघा, इंग्रज तुम्हाला कसे फसवतात. आरोप शंभर टक्के खरा होता. पण त्याच जमाल पाशाच्या हुकमाने ६ मे १९१६ रोजी बैरूत आणि दमास्कसमध्ये अरब राष्ट्रवाद्यांना फासावर लटकवले होते. पुढे इटलीने तेच केले. १९३४ पासून इटलीतल्या बारी शहरातून अरबी रेडिओ सुरू झाला, पॅलेस्टाइनमधल्या इंग्रजांच्या दडपशाहीचे वाभाडे काढू लागला, आणि लिबियात परकीय सत्तेविरुद्ध लढणाऱ्या ओमर मुख्तारला इटलीनेच १९३१ मध्ये फाशी दिलेली होती.

युद्धातला प्रचार नेहमी खोट्यावर चालतो, असे आपण धरून बसतो. माझ्या मते तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खऱ्या पापावर चालतो, म्हणूनच पटतो. आपण गोयकारांना हे नव्याने सांगायला नको. १९५१ नंतर लिस्बनचे पोर्तुगीज सरकार गोव्याला वसाहत न म्हणता सागरपार प्रांत म्हणू लागले आणि भारतालाच विस्तारवादी ठरवू लागले. ज्या पोर्तुगीज आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला, त्याने त्याआधी १५०७ मध्ये मस्कत जाळले होते. आज आमची मुले पगारासाठी ज्या किनाऱ्यावर जातात, तोच हा किनारा.

आता एक वेगळे उदाहरण. बारीच्या रेडिओला उत्तर म्हणून बीबीसीने ३ जानेवारी १९३८ ला अरबी सेवा सुरू केली. पहिल्याच बातमीपत्रात त्यांनी सांगितले की पॅलेस्टाइनमध्ये लष्करी न्यायालयाच्या हुकमाने एका अरबाला फाशी देण्यात आली. फाशी देणारे सरकार त्यांचे स्वतःचेच. वरच्या लोकांना ते रुचले नाही. ती सेवा साम्राज्यासाठीच काढलेली होती हे मी विसरत नाही. पण स्वतःच्या बाजूला बोचणारी बातमी जो सांगतो, त्याचे पुढचे चार शब्द मी कान देऊन ऐकेन.

आपल्याकडे मागणे एवढेच. परदेशी युद्धाच्या बातमीत आरोप छापताना तो कोणाचा, हे मथळ्यात किंवा पहिल्या ओळीत लिहा. बातमी कुठल्या संस्थेकडून आली तेही लिहा. ज्याने आरोप केला त्याचे सैन्य आज कुठल्या मुलखात उभे आहे, हे एका ओळीत द्या. उपसंपादकाला रात्री घाई असते, पानात जागा नसते, हे मी समजू शकतो. तरी ती एक ओळ गाळू नका.

रविवारी कुवेतहून फोन येतो. पुतण्या विचारतो, "काका, आपल्या पेपरात काय आलंय?" मी त्याला वाचून दाखवतो. ते म्हणणे कोणाचे आहे, हेही मला त्याला सांगता आले पाहिजे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पेडणे