मॅडम, डायरी रोज लाल केल्याबद्दल थँक्यू

मॅडम,

तुमच्या वकिलीच्या ऑफिसातल्या इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. तुमच्या मॅटरचा पुकारा झाला, तुम्ही फाइल घेऊन धावलात आणि मी जांभळी नाक्याच्या गर्दीतून स्टेशन गाठून ऐरोलीची ट्रेन पकडली. घरी आल्यापासून ते मनात खुपतंय, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, लॉ करणाऱ्या बाकीच्या मुलामुलींनीही वाचावं म्हणून. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते.

तीन वर्षांच्या एलएलबीला बार कौन्सिलच्या नियमाने कमीत कमी १२ आठवडे इंटर्नशिप लागते, पाच वर्षांच्या कोर्सला २०, आणि डायरी ठेवायची जी गाइडने आणि कॉलेजच्या सरांनी तपासायची असते. कागदावर हे सगळं छान आहे. पण पहिल्या वर्षी मी ज्या ऑफिसात होते तिथे चार आठवडे झेरॉक्स काढल्या, पानांवर नंबर टाकले, कोर्ट फी स्टॅम्प आणले, आणि शेवटी साहेबांनी डायरी न उघडताच सही केली. झेरॉक्सला नावं नाही ठेवत मी, तुमच्याकडेही काढल्याच की, पण तुम्ही आधी विचारायचात, हे कशाला जोडायचंय सांग, मग जा.

तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, सही रोज संध्याकाळी करणार, शेवटी एकदम नाही. तुमचं बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) संपेपर्यंत पाच वाजून जायचे, तुम्ही सकाळपासून उभ्या, घरी जायची घाई, तरी डायरी घेऊन बसायचात. मी लिहिलेलं, 'अर्जदारातर्फे युक्तिवाद झाला, पुढची तारीख पडली.' त्यावर लाल पेनाने, 'कुठला मुद्दा? समोरचे काय म्हणाले? तारीख का पडली?' मला माहीतच नव्हतं तारीख का पडली ते. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला रोजनामा (प्रत्येक तारखेला केसमध्ये काय झालं याची कोर्टातली नोंद) बघायला पाठवलंत तेव्हा कळलं की समोरच्याला नोटीसच बजावली गेली नव्हती, नोटीस घेऊन जाणाऱ्या बेलिफचा रिपोर्ट 'पत्त्यावर मिळून आला नाही' असा होता. त्या दिवसापासून कोर्टात बसून मी काय बघायचं तेच बदललं.

आणि त्या ताईंचं. (तपशील बदलून लिहितेय, का ते पुढे येईलच.) फुकट वकील मिळवून देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून तुमच्याकडे आलेल्या, घरकाम करणाऱ्या, सासर नाशिककडचं, मारहाणीला कंटाळून कळव्याला भावाकडे राहायला आलेल्या. तुम्ही कोर्टात होतात, मी एकटी होते, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने त्यांना सांगितलं की फुकट वकील हवा तर आधी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा. त्या बिचाऱ्या काम बुडवून दाखल्यासाठी निघाल्या. संध्याकाळी डायरीत ते वाचून तुम्ही पेन खाली ठेवलंत. ओरडला नाहीत. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा काढून कलम १२ माझ्यासमोर ठेवलंत आणि मोठ्याने वाचायला लावलंत. बाईला उत्पन्नाची अटच नाही, मुलांना नाही, अनुसूचित जाती-जमातींना नाही, कोठडीतल्या माणसाला नाही. उत्पन्न हा त्या यादीतला फक्त एक निकष आहे, आणि मी तो सगळ्यांच्या दारात आडवा घातला होता.

मग म्हणालात, चूक तुझी, फोनही तूच कर. मी केला, तुम्ही शेजारी बसून राहिलात. पण दुसऱ्या दिवशी ताई आल्या तेव्हा त्यांना काय म्हणालात, 'माझ्या ऑफिसची चूक झाली, तुमचा दिवस गेला, माफ करा.' माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. मॅडम, मला त्या क्षणी जे वाटलं ते अजून नीट लिहिता येत नाहीये. कोणाच्या हाताखाली शिकणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

त्यानंतर त्यांच्याशी बोलताना तुम्ही मला पेन हातात घेऊ दिलं नाहीत, आधी पूर्ण ऐक म्हणालात. म्हणून तर कळलं की त्यांना भीती केसची नव्हती, दर तारखेला नाशिकला जावं लागेल याची होती! कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यात कलम २७ आहे, बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि मार्कही मिळाले होते, पण त्याचा अर्थ ठाण्याच्या कोर्टात त्या बाकावर बसलेल्या ताईंचा चेहरा सैल झाला तेव्हा समजला. अर्जाचा पहिला ड्राफ्ट तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलात, चार वेळा. चौथ्या वेळी 'पीडित' हा शब्द कमी करून तारखा आणि घटना वाढवल्या तेव्हा कुठे तुम्ही मान हलवलीत.

डायरीत मी त्यांचं खरं नाव लिहिलं होतं. ते तुम्ही खोडलंत आणि म्हणालात, ही वही कॉलेजच्या टेबलावर जाणार, त्यांनी आपल्याला सांगितलंय, कॉलेजला नाही. आता प्रत्येक पानावर फक्त 'क्लायंट' आहे.

डायरी सबमिट करायचीये, पण त्यात तुमची दोन पानांची सही राहिलीये, त्यासाठी शुक्रवारी पाचनंतर येते. तेव्हा परत कुणीतरी बाकावर वाट बघत असेल आणि तुम्हाला वेळ नसेल, मला माहितीये, म्हणून हे आधीच पाठवतेय. मनापासून थँक्यू मॅडम.

तुमची इंटर्न, ऐरोली