कुंपणाची छाटणी आणि हंसाची पिल्लं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मागच्या आठवड्यात जनावरांना घातक असलेल्या वनस्पतींची अर्धं पान भरून लिस्ट आली होती. कात्रण काढून ठेवलंय, नाही असं नाही, पण खरं सांगू का, वाचून चिडचिड झाली. कारण असली एक लिस्ट माझ्याकडे आधीपासून आहे, खुराड्याच्या दारामागे चिकटवलेली, आणि तरीही माझी हंसाची दोन पिल्लं कण्हेर खाऊन मेली. त्या लिस्टमध्ये कण्हेर वरून दुसऱ्या नंबरला होती.

झालं असं की सहा पिल्लं होती, मशीनमध्ये उबवलेली, तीन आठवड्यांची. (हंस म्हणजे ते पांढरे धिप्पाड, कुणी गेटवर आलं की मान लांब करून अंगावर जाणारे. लोक त्यांना सरसकट बदक म्हणतात, आता मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.) त्या दिवशी सकाळी कुंपणाची कण्हेर छाटली, फांद्या कोपऱ्यात रचून ठेवल्या, म्हटलं संध्याकाळी उचलू. आणि त्याच घाईत पिल्लांना खाद्य न घालताच बाहेर सोडलं, मनात म्हटलं गवत आहे की सगळीकडे. दुपारी बघतो तर दोघं मान टाकून पडलेली, एकाला जुलाब, बाकीची तीन नुसती उभी. मला वाटलं ऊन लागलं, म्हणून सावलीत नेलं, पाणी शिंपडलं, अर्धा-पाऊण तास असाच घालवला. जनावरांचे डॉक्टर आले तोवर दोन गेली होती. त्यांनी तिथेच एक पिल्लू उघडलं आणि दळणाच्या पिशवीत, म्हणजे गिझर्डमध्ये, हिरवे लांबट तुकडे दाखवले. मग कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट केलं. एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

आता सांगा, त्या लिस्टने माझं काय भलं केलं? कण्हेर विषारी असते हे मला माहीत होतंच, लहान पोरांनाही माहीत असतं. मला जे माहीत नव्हतं ते लिस्टमध्ये नव्हतं आणि तुमच्या पानावरही नाही, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे झाडावरची कण्हेर आणि छाटून टाकलेली कण्हेर ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उभ्या झाडाचं पान चामड्यासारखं जाड, कडू, पिल्लाच्या चोचीच्या वर, त्यामुळे सहसा कुणी त्याच्या वाटेला जात नाही. छाटलं की तेच पान जमिनीवर येतं, मऊ पडतं, सुकत जातं तसा कडूपणा कमी जाणवतो, पण विष मात्र तसंच राहतं. हृदयाचे ठोके बिघडवणारं विष आहे ते, सुकवून जात नाही, उकळूनही जात नाही, आणि मूठभर पानं मोठ्या घोड्यालासुद्धा भारी पडतात, मग किलोभराच्या पिल्लाचं काय घेऊन बसलात. आणि हे फक्त कण्हेरीचं नाही. चेरीच्या जातीच्या झाडांची पानं झाडावर ताजी असतात त्यापेक्षा तुटून कोमेजली की जास्त धोकादायक होतात, कारण कोमेजताना त्यात सायनाइड सुटतं. म्हणजे कुंपणाच्या अलीकडे जी बाग आहे तीच पलीकडे फेकली की विषाचा ढीग होते, आणि टाकणारा माणूस बऱ्याचदा चांगल्या मनाने टाकतो, खातील बिचारी म्हणून.

आणि जाळूनही टाकू नका, कण्हेरीचा धूरसुद्धा वाईट. मी आता खड्ड्यात पुरतो.

दुसरी गोष्ट, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे भूक. 'जनावराला बरोबर कळतं काय खायचं' असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात आणि ते अर्धं खरं आहे. पोट भरलेली, त्याच कुरणात वाढलेली, आईच्या मागे फिरून शिकलेली गाय घाणेरीला तोंड लावत नाही. पण तीच गाय दोन दिवस गाडीतून प्रवास करून आली, किंवा चारा संपलाय, किंवा नव्या जागी सोडलीय, की घाणेरी पण खाते. हंसाच्या पिल्लाचं तर विचारूच नका. कोंबडीच्या पिल्लासारखं ते दाण्यावर अडून बसत नाही, जन्मतः चरणारं जनावर आहे ते, दोन-तीन दिवसांचं झालं की गवत ओढायला लागतं, आणि गवत, दोरा, प्लास्टिक, चपलेचा पट्टा, सगळ्याला आधी चोच लावून बघणार. मोठा हंस गवत आणि रुंद पानाचं तण ह्यात बऱ्यापैकी निवड करतो, म्हणून तर कापसाच्या शेतात हंस सोडून गवत काढून घ्यायची पद्धत होती. पिल्लाला ती अक्कल यायची असते.

ती कोण देणार? आई. कोनराड लोरेन्झ म्हणून शास्त्रज्ञ होते, १९७३ चं नोबेल मिळालं त्यांना, त्यांनी दाखवलं की हंसाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर जी हलणारी गोष्ट पहिली दिसेल तिलाच आई समजून मागे लागतं, लोरेन्झ ह्यांच्याच मागे पिल्लांची रांग चालायची. माझ्याही मागे चालायची, मला कौतुक वाटायचं, व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवायचो. पण मी त्यांना शिकवणार काय? मी चरत नाही. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला कुठलं पान सोडायचं हे दाखवणारं कुणीच नसतं, ते तुम्ही-आम्हीच बघायला हवं, आणि बघायचं म्हणजे सोडायच्या आधी वाफाभर जमीन स्वतः वाकून तपासायची. पिल्लाच्या उंचीवरून बघितलं की जे दिसतं ते उभ्याने दिसत नाही, करून बघा.

सकाळी आधी खाद्य, मग बाहेर. पहिले काही दिवस अर्धा-पाऊण तासच, आखूड कोवळ्या गवतावर, जाळी लावून, जाळी रोज सरकवत. एवढं केलं तरी निम्मा धोका जातो असं माझं मत, कारण भरल्या पोटी पिल्लू पान तोंडात घेऊन टाकून देतं, उपाशी पोटी तेच गिळतं.

आता तुमच्या लिस्टबद्दल. नावांचा घोळ किती आहे बघा. घाणेरी छापलंय, पण अर्धे लोक तिला टणटणी म्हणतात, ते वाचून पुढे जाणार. 'धोतरा' एवढंच छापलंय, पण पिवळा धोतरा ही वेगळीच वनस्पती, खसखशीच्या कुळातली, तिच्या बिया मोहरीत मिसळल्या की माणसंही दगावतात, आणि साधा धोतरा वांग्या-बटाट्याच्या कुळातला, विष वेगळं, लक्षणं वेगळी. उलट पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही खरी कण्हेर नाही पण विष त्याच जातीचं, आणि ती तुमच्या लिस्टमध्ये नाहीच. फोटो एकही नाही! नुसत्या नावाने ओळखणारा माणूस मुळात लिस्ट वाचतच नाही.

शिवाय एकच वनस्पती कधी चारा असते, कधी विष. ज्वारीचंच घ्या. पूर्ण वाढलेला कडबा वर्षभर जनावरं खातात, पण गुडघ्याच्या खालची कोवळी ज्वारी, किंवा पाण्याचा ताण बसून सुकलेल्या पिकाला पावसानंतर फुटलेले पोंगे, ह्यात सायनाइड तयार करणारा घटक भरपूर असतो. त्यालाच किराळ लागणं म्हणतात. जनावर काही मिनिटांत धापा टाकतं, थरथरतं, पडतं, रक्त लालभडक दिसतं. ह्याच्यावर शिरेतून द्यायचं औषध आहे, सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट, पण ते डॉक्टरनेच द्यायचं आणि वेळेत पोचलं तरच. ज्वारी लिस्टमध्ये घालणार का तुम्ही? घातली तर लोक हसतील, नाही घातली तर गाय मरेल. म्हणून म्हणतो की नावापेक्षा कधी, कुठला भाग, कुठल्या अवस्थेत हे छापा.

घाणेरीची गंमत उलटी, ती सावकाश मारते. यकृत बिघडतं, कावीळ होते, आणि मग उन्हात गेलं की नाकपुडीची, कानाची, पांढऱ्या भागावरची कातडी भाजल्यासारखी सोलते. लोकांना वाटतं त्वचेचा रोग आहे, मलम लावत बसतात. खरं तर पोटाची हालचाल थांबलेली असते, त्यामुळे खाल्लेला पाला आतच पडून राहतो आणि विष सुटत राहतं, म्हणजे जनावराने घाणेरी आज खाल्ली नाही तरी परवाची अजून चालूच आहे. अशा जनावराला अंधाऱ्या जागी बांधून डॉक्टरला बोलवायचं. बेशरमीच्या झुडपाचं आणखी वेगळं, शेळ्यांना तिची चटक लागते, चांगला पाला समोर असला तरी शोधत जातात, आणि आठवड्यांनी मागचे पाय लटपटायला लागतात.

आणि सगळं खापर वनस्पतीवरही फोडू नका, हे उलट बाजूने सांगतो. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्कीची पिल्लं मेली, बदकाचीही मेली, आधी कुणाला काही कळेना, काहीतरी नवा रोग समजले, शेवटी निघालं काय तर खाद्यातली शेंगदाण्याची पेंड, बुरशी लागलेली. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, हे नाव तेव्हापासूनचं. बदकाचं पिल्लू ह्या विषाला इतकं नाजूक की पुढे लॅबमध्ये विष आहे की नाही हे तपासायला तेच वापरायला लागले. म्हणजे कुंपण साफ करून वर बुरसटलेली पेंड घातली तर काय उपयोग. 'वाया जाईल, कोंबड्यांना घाला' हे वाक्य ज्याच्या घरात बोललं जात नाही असं घर मला दाखवा. तशीच दुसरी गफलत म्हणजे मान लुळी पडली की लोक विषारी पाला म्हणतात, पण सडक्या मांसातले किडे खाल्ल्यानेही बोटुलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने येणारा लुळेपणा, होऊन मान तशीच पडते, आणि पाय फाकून बसणारं पिल्लू कित्येकदा विष खाल्लेलं नसतंच, त्याला नियासिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, कमी पडलेलं असतं, हंस-बदकांच्या पिल्लांना ते कोंबडीपेक्षा जास्त लागतं. म्हणून मेलेलं पिल्लू फेकून न देता उघडून बघायला द्यावं. मला त्या दिवशी ते बघवलं नाही, पण बघितलं नसतं तर मी आजही ऊन लागलं म्हणूनच सांगत फिरलो असतो.

ज्यांच्याकडे जनावरं नाहीत ते हे पान उलटतील, त्यांच्यासाठी एकच. अब्राहम लिंकन नऊ वर्षांचे असताना १८१८ मध्ये त्यांची आई वारली ती दुधातून आलेल्या विषाने, स्नेकरूट नावाचं रानझाड खाल्लेल्या गाईचं दूध. तिकडे अमेरिकेत तेव्हा वस्त्याच्या वस्त्या ह्या आजाराला भिऊन उठून जायच्या.

शेवटचं, तुमच्या त्या चौकटीबद्दल, 'विषबाधा झाल्यास घरगुती उपाय'. तेल पाजा, दूध पाजा असं लिहिलंय. कृपा करून पुढच्या वेळी हे काढा. गुंगीत असलेल्या गाईच्या नरड्यात तेल ओतलं की ते फुप्फुसात जातं आणि विषातून वाचलेली गाय त्याने मरते, आणि पक्ष्याला दूध पचतच नाही. त्याऐवजी एवढंच छापलं असतं तर पुरे होतं की बाकीची जनावरं लगेच तिथून हलवा, तोंडातला पाला बोटाने काढा, सावलीत शांत ठेवा, काय खाल्लं त्याची फांदी पिशवीत घालून डॉक्टरला दाखवा. औषधी कोळसा वगैरे द्यायचा की नाही ते तो ठरवेल. मी फांदी समोर असून दाखवली नव्हती, डॉक्टरनेच शोधली.

उरलेली चार पिल्लं आता चांगली दांडगी झालीत. छाटणीच्या दिवशी ती आत बंद असतात, शेवटची काडी उचलून होईपर्यंत गेट उघडत नाही, कितीही आरडाओरडा केला तरी, आणि करतात. कण्हेर, बिट्टी, घाणेरी आणि एरंडाची पानं-बिया, प्रत्येकी ताजं आणि सुकलेलं, असे आठ फोटो सोबत पाठवतोय. रंगीत छापायला जागा नसेल तर निदान सुकलेल्या पानांचे चार तरी छापा, ताजी सगळे ओळखतात.

आपला,
एक नियमित वाचक