भेर्ली माड आणि वारुळावरची अळंबी

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या भेर्ली माडाला शेंड्याजवळ पहिली पोय (फुलांचा लोंबता घोस) आली, म्हणजे त्याची अखेरची वर्षं सुरू झाली. हा माड नारळासारखा जन्मभर फळत नाही. साधारण 10 ते 15 वर्षं खोडात पिठूळ साठा करतो, मग वरून खाली एकेका पानाच्या बेचक्यातून पोय काढत येतो आणि शेवटची फळली की वाळतो. बुंध्याला फुटवा येत नाही, तेव्हा आताच बी धर. पिकलेली फळं उघड्या हातांनी हाताळू नकोस. गरात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, भयंकर खाज सुटते. रबरी मोजे घाल, फळं दोन-तीन दिवस भिजव, वाळूत चोळून गर काढ आणि बी सुकू न देता सावलीत पेर. उगवायला काही महिने लागतात. लोक महिनाभरातच कंटाळून पिशव्या ओततात. थोडी फळं उदमांजरांना राहू दे, ती बी लांबवर नेऊन टाकतात.

तुझ्या काजूखालच्या वारुळावर उगवणाऱ्या अळंबीचं गणित उलटं. आपण खुडतो ते नुसतं फळ, बुरशीचा संसार वाळवीच्या घरात. वाळवी खाल्लेल्या पाल्या-लाकडाचं स्पंजासारखं पोळं रचते, बुरशी त्यावर वाढते आणि वाळवीला न पचणारा भाग फोडून देते. म्हणूनच ही धिंगरी या लागवडीच्या अळंबीसारखी पेंढ्याच्या पिशवीत येत नाही. घर शाबूत राहिलं तर पुढच्या पावसाळ्यातही तिथेच छत्र्या येऊ शकतात.

खाण्याआधी ओळख पक्की कर. टोपीला मधोमध टोकदार उंचवटा, टोपीखालचे पापुद्रे दांड्यापासून सुटे. एक टोपी पांढऱ्या कागदावर पापुद्रे खाली करून पाच-सहा तास ठेव, म्हणजे बीजाणूंचा (बुरशीच्या बारीक बियांचा) ठसा उठेल. ठसा हिरवट उठला तर ती विषारी, टाकून दे. गुलाबी उठला तरी तेवढ्यावर भिस्त नको, काही विषारी जातींचाही ठसा गुलाबीच असतो. एका छत्रीभोवतीची माती बोटांनी चार-पाच इंच सारून बघ, दांडा मुळासारखा खोल गेलेला दिसलाच पाहिजे. तरी शंका उरली तर खाऊ नकोस. बाकीच्या जमिनीलगत सुरीने काप. टिकाव घातलास तर पोळं फुटेल. पूर्ण उमललेल्या काही छत्र्या मात्र राखच. नव्या घरातली वाळवी बहुधा बाहेरून बीजाणू गोळा करते आणि ते अशाच छत्र्यांतून पडतात.

काजूच्या खोडावर वाळवीची माती चढली तर ती खरवडून काढ. वारुळाजवळ क्लोरपायरिफॉस हे वाळवीनाशक ओतू नकोस, वाळवी मेली की अळंबीही गेली. आणि माड वाळला की घराच्या बाजूला कोसळायच्या आत तोडून घे. खोड जाळू नकोस, तुकडे करून वारुळाच्या आसपास टाक.

तुझा,
अनंत