समुपदेशक किरकोळ खर्चात बसत नाही

महोदय,

हिवाळी परीक्षेचे अर्ज सुरू झाले, की महाविद्यालयांच्या फलकांवर तणावमुक्तीच्या व्याख्यानांच्या सूचना लागतात. वक्ता येतो, शाल-श्रीफळ होते, फोटो निघतो आणि तो महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलला लागतो. व्याख्यानांना माझा विरोध नाही. पण ते ऐकून ज्याला खरेच कोणाशी तरी बोलावेसे वाटले, त्या पोराने दुसऱ्या दिवशी कोणाचे दार वाजवायचे? हे पत्र त्या दाराआड बसणाऱ्या समुपदेशकांविषयी आहे. मी नागपुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी केली, त्यामुळे ही माणसे मला त्यांच्या बिलांवरून ठाऊक आहेत.

आमच्याकडे समुपदेशक मॅडम आठवड्यातून दोन दुपारी यायच्या. एम.ए. मानसशास्त्र, वर समुपदेशनाची पदविका. खोली म्हणजे क्रीडा साहित्याच्या कोठीत प्लायवूड ठोकून काढलेला अर्धा भाग. पलीकडे कॅरम चालू असला की सोंगटीचा आवाज इकडे यायचा. इकडचे रडणे तिकडे जात नसेल असे कोणी समजू नये. मुली कार्यालयाच्या खिडकीवर बोनाफाइडचा अर्ज धरून उभ्या राहायच्या, मागच्यांना पुढे जाऊ द्यायच्या आणि खिडकी रिकामी झाली की हळूच विचारायच्या, "मॅडम आज येणार आहेत का जी?" गडचिरोली, गोंदियाकडून येऊन इथे खोली करून राहणारी ही मुले. आमच्या शिपायाने आपला स्टूल त्या दारासमोरून उचलून जिन्याच्या वळणावर नेला. आत कोण जाते ते आपण बघतो असे पोरांना वाटायला नको, एवढेच त्याचे म्हणणे. हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

मॅडमचे मानधन 'किरकोळ खर्च' या शीर्षाखाली निघायचे. एका वर्षी लेखा विभागाने त्यावर आक्षेप काढला. तास झाले याला पुरावा काय? ज्यांचे समुपदेशन झाले त्यांची नावे, वर्ग आणि सह्या जोडा. मॅडमनी साफ नकार दिला. तारीख, वेळ आणि अनुक्रमांक देते, नाव देणार नाही, म्हणाल्या. बिल अडकले, सत्र संपले, पैसे पुढच्या आर्थिक वर्षात निघाले. तोवर त्या दुसरीकडे लागल्या होत्या. ज्यांनी नावे मागितली त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, त्यांच्या लेखी तो हजेरीपटच. पण मानसिक आरोग्याबाबतच्या गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम २३ मध्ये, स्पष्ट लिहिलेला आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी ती यादी किती टेबलांवरून फिरली असती याचा हिशेब कार्यालयात बसलेला कोणीही सांगेल.

यावर नेहमीचे उत्तर असते की आमच्याकडे मेंटॉर योजना आहे. आहे ना! एकेका प्राध्यापकाकडे पोरांचे गठ्ठे दिलेले असतात आणि सत्राच्या शेवटी त्यांचे फॉर्म भरून घेतले जातात. प्राध्यापकांना दोष नाही. पण ज्या सरांच्या हातात अंतर्गत गुण आहेत, त्यांच्याकडे 'मला रात्री झोप येत नाही, नको ते विचार येतात' असे कोणता मुलगा जाऊन बोलेल? आणि बोललाच, तर सरांनी पुढे काय करायचे? प्रशिक्षित समुपदेशकाचे अर्धे कौशल्य ऐकण्यात असते आणि उरलेले अर्धे कोणाला पुढे, किती लवकर पाठवायचे हे ओळखण्यात. औषध देण्याचा अधिकार त्याला नाही, ते मानसोपचारतज्ज्ञाचे काम. इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे मेडिकलमध्ये, मानसोपचार विभाग आहे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्याच शहरात आहे. पण त्या फाटकापाशी ओळखीचे कोणी भेटेल म्हणून घरचे लोक पाय मागे घेतात. त्यांची समजूत घालून पहिल्या भेटीला सोबत जाणारे माणूस महाविद्यालयाकडे असावे लागते, आणि ते पुढच्या महिन्यातही तिथेच असावे लागते. दर जूनला नव्या चेहऱ्यासमोर पहिल्यापासून सांगायला कोणाला जमते?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणमला 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, सगळ्या शिक्षणसंस्थांना बंधनकारक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे. शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सर्वांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचे. शिक्षकेतर हा उल्लेख मला विशेष पटला, कारण पोरगे बिनसले आहे हे पुष्कळदा वसतिगृहाच्या रेक्टरला, मेसच्या बाईला किंवा आमच्या त्या शिपायाला आधी कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. तेव्हा ही सूचना आपल्याला लागू नाही असे म्हणायची सोय नाही.

खरी मेख पदाची आहे. मी पाहिलेल्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, ग्रंथपालाचे पद होते, शारीरिक शिक्षण संचालकाचे होते, प्रयोगशाळा परिचराचे होते. समुपदेशकाचे नव्हते. पद नाही म्हणून वेतन नाही, वेतन नाही म्हणून मानधन, आणि मानधन म्हटले की कंत्राट, तास आणि उपकाराची भाषा. माणसे मिळत नाहीत हे कारण नागपुरात तरी चालणार नाही. मानसशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी इथे तयार होतात, समाजकार्य महाविद्यालये इथे आहेत. शिकून बाहेर पडलेली ही मुले-मुली दोन-तीन महाविद्यालयांत अर्धवेळ धावाधाव करतात आणि शेवटी एखाद्या खासगी कंपनीच्या मनुष्यबळ विभागात जातात. मोठ्या महाविद्यालयात पूर्णवेळ पद आणि लहान महाविद्यालयांच्या गटाला मिळून एक, एवढे तरी उच्च शिक्षण विभागाने मंजूर करावे. अधिवेशन दर हिवाळ्यात आपल्याच शहरात भरते. विदर्भातल्या आमदारांपैकी कोणी हा प्रश्न लावून धरला तर बरे होईल.

तोवर रात्री-अपरात्री गरज पडली तर १४४१६ हा 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. तो वसतिगृहात, वर्गात आणि संकेतस्थळावर ठळक लावा असेही न्यायालयाने सांगितले आहे. त्याला ना पद लागते ना मंजुरी, एक कागद आणि चार टाचण्या पुरतात.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. शहरातल्या महाविद्यालयांत जाऊन एवढेच विचारावे: तुमचा समुपदेशक कोण, त्याचे शिक्षण काय, तो कोणत्या दिवशी कुठल्या खोलीत बसतो, आणि त्याचे मागच्या सत्राचे मानधन दिले का?

आपला,
एक सेवानिवृत्त कार्यालय अधीक्षक
नंदनवन, नागपूर